कोकणच्या न्हाणीतील विजेचा हिशेब

विजेवर तापणारी फरशी ही थंड देशांतील घरांची सोय. आपल्याकडे हिमाचल, काश्मीरसारख्या प्रदेशांसाठी ती विकली जाते आणि परदेशी जाऊन आलेल्यांच्या बोलण्यातून तिची माहिती कोकणातल्या नव्या बंगल्यांपर्यंतही पोचते. मालवणच्या किनाऱ्यावर तिची गरज किती, हा प्रश्न तसा चटकन निकालात निघणारा आहे. मात्र त्या निमित्ताने एक दुसरा प्रश्न समोर येतो व तो इतक्या सहजी सुटणारा नाही. कोकणी घराला खरोखर कोणती ऊब लागते, ती विजेवर मिळवताना आपण काय किंमत मोजतो आणि त्या विजेपासून घरातल्या माणसांचे रक्षण होण्याची व्यवस्था कितपत आहे, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

जमीन तापवून घर उबदार ठेवण्याची कल्पना नवी नाही. रोमन लोकांच्या स्नानगृहांत फरशीखालच्या पोकळीतून गरम हवा खेळवली जात असे. कोरियातील ‘ओंडोल’ पद्धतीत स्वयंपाकाच्या चुलीचा धूर व उष्णता दगडी जमिनीखालून नेली जाई. आपल्या काश्मिरातही हमामची दगडी जमीन खालून जाळ घालून तापवतात. आधुनिक काळात जाळाची जागा गरम पाण्याच्या नळ्यांनी किंवा विजेच्या तारांनी घेतली. हवा तापवली की ती छताकडे जाते आणि पाय गारच राहतात. जमीन तापवली तर ऊब खालून वर चढते व माणूस जिथे वावरतो तिथे ती आधी पोचते. ज्या देशांत हिवाळ्याचे कित्येक महिने पारा शून्याच्या आसपास असतो, तिथे या व्यवस्थेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तिच्या बसवणुकीत मोठे गूढ नाही, पण काटेकोरपणा पुष्कळ आहे. काँक्रीटच्या थरावर आधी उष्णतारोधक पाट्या अंथरतात. त्या नसतील तर निम्मी ऊब जमिनीच्या पोटात जिरते. त्यावर जाळीत गुंफलेली तापतार पसरून ती लादीच्या चिकट मसाल्यात पुरून टाकतात. दर चौरस मीटरला साधारण १०० ते १५० वॅट वीज लागते. फरशीतच एक तापमापक बसवतात व तो भिंतीवरील नियंत्रकाला जोडतात. या मंडलाला ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळती-संरक्षक उपकरण असलेच पाहिजे, असा दंडक असतो. तारेचा रोध लादी बसवण्यापूर्वी व बसवल्यानंतर मोजून लिहून ठेवतात, कारण पुढे दोष निघाला तर लादी फोडण्यावाचून गत्यंतर नसते. थोडक्यात, घरातल्या माणसाच्या अनवाणी पायाखाली वीज खेळवायची असल्याने तिकडच्या नियमांनी सुरक्षिततेचा विचार आधी केला आहे. ही बाब आपण लक्षात ठेवू, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

आता मालवणकडे वळू. वेंगुर्ले-मालवणच्या किनाऱ्यावर जानेवारीतले किमान तापमान साधारणत: १८ ते २० अंश सेल्सिअसच्या घरात असते. पहाटे चकचकीत लादीवर पाय ठेवला की तो गार पडतो, हे खरे आहे. पण तो दोष थंडीपेक्षा लादीचा अधिक. शेणाने सारवलेली जमीन पायातली ऊब सावकाश ओढून घेते, तर व्हिट्रिफाइड लादी ती झपाट्याने ओढते. म्हणून त्याच खोलीत, त्याच तापमानाला लादी अधिक गार लागते. यावर आपल्या पूर्वजांनी काढलेला उपाय म्हणजे बसायला पाट आणि अंथरायला चटई किंवा घोंगडी. युरोपीय मानकांत वावराच्या खोलीतील तापवलेल्या फरशीचे तापमान २९ अंशांपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा आहे. मालवणात एप्रिल-मेमध्ये घरातली फरशी कुणी न तापवताच त्या पातळीला जाऊन पोचते. दहा चौरस मीटरची फरशी पूर्ण क्षमतेने चार तास तापवली तर सहा युनिट वीज जाईल. वर्षातल्या मोजक्या पहाटांसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा एक चांगली सतरंजी पुरे.

तापवलेल्या फरशीमुळे पावसाळ्यातली ओल तरी हटेल, असेही कुणाला वाटेल. परंतु कोकणातली ओल दुहेरी असते. जांभा हा सच्छिद्र दगड. त्याच्या जोत्यातून आणि भिंतींतून पाणी वर चढते. शिवाय हवेतच इतका दमटपणा असतो की फरशी कोरडी झाली तरी कपाटातले कपडे, पुस्तके आणि भिंती ओलसरच राहतात. त्यावर जोते उंच ठेवणे, बांधकामाच्या वेळीच ओलरोधक थर देणे आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर काढणे हेच मार्ग. उलट बाजूने, उन्हाळ्यात हीच फरशी थंड करता येईल का? हैदराबादेत इन्फोसिसच्या कार्यालयीन इमारतीत थंड पाण्याच्या नळ्या घातलेल्या छत-जमिनीचा प्रयोग यशस्वी झाला. मात्र किनाऱ्यावर मे महिन्यात हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. फरशी त्याखाली नेली की तिच्यावर पाणी जमणार आणि घरातले वडीलधारे घसरून पडणार. तेव्हा जमीन तापवणे आणि जमीन थंड करणे हे दोन्ही मार्ग किनाऱ्यावरच्या हवेनेच बाद ठरवले आहेत.

मग कोकणी घरात ऊब लागते तरी कुठे? ती पूर्वापार तीन ठिकाणी लागत आली. पहिली जागा चुलीवरचा माळा. पावसाळ्यात आमसुले, सुकी मासळी, बियाणे आणि सरपण त्या धगीवर कोरडे राहत असे. दुसरी जागा बाळंतिणीची खोली. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून आई व बाळाला शेक देत. खालून ऊब देण्याची ही घरगुती पद्धत आपल्याकडे होतीच, पण ती त्या खोलीपुरती आणि त्या दिवसांपुरती. तिसरी आणि रोजची जागा म्हणजे न्हाणी. तिथल्या चुलीवर तांब्याचा हंडा चढवलेला असे आणि खाली माडाची चुडते, सोडणे आणि करवंट्या जळत. तिन्ही ठिकाणी एक सूत्र दिसते. घर तापवायचे नाही. जी वस्तू किंवा जो माणूस तापवायचा, त्यालाच ऊब द्यायची. त्या व्यवस्थेचे गोडवे गाताना न्हाणीतला धूर आणि पहाटे उठून जाळ घालणाऱ्या बाईचे डोळे विसरता कामा नयेत. स्वयंपाकाचा गॅस घरोघरी पोचला तरी आंघोळीच्या पाण्याखालची चूल अनेक वाड्यांवर अजून पेटते, कारण माडाचा कचरा फुकट असतो आणि सिलिंडर विकत आणावा लागतो.

जिथे ती चूल विझली तिथे तिची जागा बहुतांशी विजेने घेतली. आधी बादलीत सोडायची हीटरची कांडी आली, मग गीझर. आज मालवण, देवबाग, तारकर्ली, आचरा या पट्ट्यात घरगुती उष्णतेचा प्रश्न म्हणजे मुख्यत: आंघोळीच्या पाण्याचा प्रश्न होय. त्याचे गणित सोपे आहे. पहाटे गच्चीवरच्या टाकीतले पाणी २२ अंशांचे असेल व ते ४२ अंशांवर न्यायचे असेल, तर २० लिटरच्या बादलीला सुमारे अर्धा युनिट वीज लागते. पाच माणसांच्या घराला दिवसाला अडीच युनिट, महिन्याला ७५ युनिट. महाराष्ट्रातील घरगुती वीजदरांत शंभर युनिटपर्यंतचा टप्पा स्वस्त आणि त्यापुढचा टप्पा बराच महाग असतो, हे ध्यानात घेतले तर केवळ आंघोळीच्या पाण्यामुळे एखादे साधे कुटुंब वरच्या टप्प्यात ढकलले जाते. येथे विहिरीची आठवण होते. जमिनीखालचे पाणी किनाऱ्यावर बारमाही २७ अंशांच्या आसपास राहते. म्हणूनच थंडीच्या पहाटे विहिरीतून ताजे काढलेले पाणी कोमट लागते. तेच पाणी रात्रभर टाकीत गार होऊ न देता सकाळी उपसून तापवले, तर विजेतली चौथाई बचत होते. यासाठी नवे यंत्र लागत नाही, पंप चालवण्याची वेळ तेवढी बदलावी लागते.

घरापुरते हे गणित आटोक्यात आहे. पर्यटनाचे गणित मात्र वेगळे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतरच्या काळात किनाऱ्यावरील असंख्य कुटुंबांनी राहत्या घराला खोल्या जोडून न्याहारी-निवासाची व्यवस्था उभी केली. मासेमारीच्या बेभरवशाच्या उत्पन्नाला या खोल्यांनी आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर आणि प्रत्येक न्हाणीघराला गीझर ही पाहुण्यांची किमान अपेक्षा. सहा खोल्यांच्या घरात दोन किलोवॅटचे सहा गीझर म्हणजे १२ किलोवॅट. किल्ल्यावर जायची किंवा समुद्रात डुबकी मारायला निघायची वेळ सगळ्यांची एकच असल्याने ते सकाळी सात ते आठच्या सुमारास एकाच वेळी चालू होतात. त्यात रात्रभर चाललेली वातानुकूलित यंत्रे धरली तर हा भार घरगुती एक-फेज जोडणीला पेलणारा नव्हे. गावातले रोहित्र ६३ किंवा १०० केव्हीएचे असते. अशी पाच घरे एका रोहित्रावर असतील तर त्यांचे गीझरच ६० किलोवॅट मागतात. मग शेवटच्या टोकाच्या घरात दिवे मंदावतात, पंप उचलत नाही आणि दोष ‘लाईट’च्या माथी मारला जातो. जोडणी घेताना सांगितलेला भार आणि आज प्रत्यक्ष वापरात असलेला भार यांतली तफावत बहुतेक ठिकाणी कुणी तपासलेली नसते.

बिल आणि मंद दिवे एकवेळ सोसता येतात. खरा धोका त्याहून गंभीर आहे. दोन किलोवॅटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर प्रवाह घेतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि सलग, भरवशाची अर्थिंग लागते. जुन्या घराला खोल्या जोडताना दिव्यापंख्याच्या तारेवरून जोड काढून गीझर चालवण्याचे प्रकार घडतात. किनाऱ्यावरची खारी हवा स्विचचे पितळ आणि जोडांचे स्क्रू पोखरते; जोड सैल होतो, तापतो आणि तारेचे आवरण वितळते. अर्थिंगची कथा त्याहून कठीण. जांभ्याच्या कातळावर खड्डा खणणे अवघड असते. तो खणला तरी पावसाळा सरल्यावर कातळ कोरडा पडतो आणि त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता घटते. देवबाग-तारकर्लीच्या वाळूतही वरचा थर सुकला की हीच गत. खाली खारे पाणी लागले तर अर्थिंगची लोखंडी नळी काही वर्षांत गंजून जाते. म्हणजे कागदावर अर्थिंग असते, भिंतीवर हिरवी तार दिसते, आणि जमिनीत मात्र काहीच उरलेले नसते. एखाद्या दिवशी गीझरची कॉईल फुटते आणि नळाला हात लावणाऱ्या ओल्या माणसाच्या अंगातून वीज जमिनीकडे वाट काढते. मचूळ पाणी गोड्या पाण्यापेक्षा वीज अधिक सहज वाहून नेते. त्यामुळे बादलीत सोडलेली कांडी चालू असताना पाणी तापले का, हे बोट घालून पाहण्याची सवय किनाऱ्यावर विशेष घातक ठरते.

यावर उपाय अस्तित्वात आहे आणि तो श्रीमंतांपुरता नाही. फरशी तापवणाऱ्या देशांनी सक्तीचे केलेले, ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे तेच उपकरण आपल्या बाजारात ‘आरसीसीबी’ या नावाने मिळते. जुने लोक त्यालाच सरसकट ‘ईएलसीबी’ म्हणतात. साधी ‘एमसीबी’ तारेला वाचवते, माणसाला नव्हे. कारण माणसाचा जीव घेणारा प्रवाह तिच्या लेखी नगण्य असतो. हा फरक अनेक घरमालकांना ठाऊक नसतो आणि अनेकदा काम करणारा वायरमनही तो समजावून सांगत नाही. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे आणि वर्षातून एकदा तिचा रोध मापकाने मोजून घ्यावा. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर गीझरच्या टाकीतील मॅग्नेशियमची कांडी लवकर झिजते. ती वेळेवर बदलली नाही तर टाकी कुजते. विजेला भिऊन गॅस गीझर लावणाऱ्यांनी तो बंद न्हाणीघरात कदापि बसवू नये. त्याच्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि त्याने माणूस ओरडण्यापूर्वीच बेशुद्ध होतो.

या चित्रात वादळांचा पदर जोडला की विजेवर विसंबण्याची मर्यादा अधिकच स्पष्ट होते. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले. त्याने खांब आडवे केले, माड तारांवर पडले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्यानंतर किनाऱ्यावरील भूमिगत वीजवाहिन्यांचा विषय ऐरणीवर आला. तो योग्यच आहे. परंतु वाहिन्या जमिनीखाली गेल्या तरी घरातला भार बेहिशेबी राहिला, तर खर्च झालेल्या पैशाचे पूर्ण फळ मिळणार नाही. दुसरीकडे, छतावर सौर पॅनेल बसवले म्हणजे वादळातही घर उजळेल, असा एक समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. बॅटरी नसलेली, वीजजाळ्याला जोडलेली यंत्रणा जाळ्यातली वीज गेली की स्वत:ही बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या कामगाराला उलट दिशेने आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. याउलट छतावरचा साधा सौर बंब विजेविना चालतो. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप टाकीत चढते. वरच्या टाकीत पाणी असले की झाले.

येथे शासकीय धोरणातली एक विसंगती नजरेस आणली पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किलोवॅट व त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे. योजना स्वागतार्ह आहे, याबद्दल दुमत नसावे. मात्र सौर बंबाला मिळणारे केंद्राचे भांडवली अनुदान २०१४ मध्येच बंद करण्यात आले. परिणामी ग्राहकाला एकच वाट दाखवली जाते: छतावर वीज तयार करा आणि मग त्या विजेने पाणी तापवा. सौर पॅनेल उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलते. सौर बंब उन्हाचा निम्म्याच्या आसपासचा भाग थेट पाण्यात उतरवतो. शंभर लिटरच्या बंबाला दोन चौरस मीटर उष्णता-संग्राहक लागतो आणि चार-पाच माणसांच्या आंघोळीची सोय होते. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला चारेक युनिट वीज देते. त्यातील अडीच युनिट पाणी तापवण्यातच खर्ची पडले तर दिवा, पंखा, मिक्सर आणि शीतपेटीच्या वाट्याला काय राहणार? ज्या विजेने मोटर फिरते, दिवा लागतो आणि संगणक चालतो, ती उच्च प्रतीची वीज केवळ कोमट पाण्यासाठी खर्च करणे म्हणजे हापूस आंबा ढोरांना घालण्यासारखे आहे.

सिंधुदुर्गच्या बाबतीत तर निसर्गानेच अनुकूल योग जुळवून दिला आहे. सौर बंबावरचा नेहमीचा आक्षेप असा की पावसाळ्यात तो निकामी ठरतो. आक्षेप खरा आहे. जून ते सप्टेंबर कोकणात सूर्याचे दर्शन दुर्मीळ. पण यातील बराच काळ किल्ल्याची होडीसेवा आणि समुद्रातले जलक्रीडा प्रकार बंद असतात आणि पाहुण्यांचा ओघ आटलेला असतो. ऑक्टोबर ते मे हा पर्यटनाचा हंगाम तोच उन्हाचा हंगाम. शिवाय समुद्रावरून खारट अंगाने परतलेला पाहुणा दुपारी किंवा संध्याकाळी आंघोळीला जातो. तेव्हा बंबातले पाणी नुकतेच तापलेले असते. राज्याच्या वीजदरांतही २०२५ पासून, वेळेनुसार नोंद करणारे मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत देण्याचे तत्त्व आले. तेव्हा ज्यांना गीझरच वापरायचा आहे त्यांनीही सकाळी सातच्या गर्दीत तो लावण्याऐवजी दिवसा टाकी तापवून ठेवण्याचा विचार करावा. मोठ्या निवासव्यवस्थेसाठी उष्मापंप हा तिसरा पर्याय आहे. तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो आणि एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांइतके पाणी तापवतो. कोकणची हवा मुळातच उबदार असल्याने तो येथे थंड प्रदेशापेक्षा अधिक चांगला चालेल. किंमत गीझरच्या कित्येक पट असली तरी सहा-आठ खोल्यांच्या घरात ती काही हंगामांत वसूल होण्यासारखी आहे.

ज्यांच्या गोठ्यात गुरे आहेत त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग जिल्ह्यातच सिद्ध झाला आहे. कुडाळ तालुक्यातील झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने गोबरगॅसचा प्रसार चिकाटीने केला आणि अनेक कुटुंबांची चूल धुरातून सोडवली. किनाऱ्यावरच्या वाड्यांत गुरे कमी झाली आहेत, ही अडचण आहे. तरी खलाटीतल्या व आतल्या गावांतल्या शेतकऱ्याने गीझर घेण्यापूर्वी गोठ्याकडे एकदा वळून पाहायला हरकत नाही.

सौर बंब म्हणजे सर्वगुणसंपन्न वस्तू, असे सुचवायचे नाही. सुरुवातीचा खर्च गीझरपेक्षा जास्त आहे. क्षारयुक्त पाण्याने त्याच्या नळ्यांत थर साचतो, खाऱ्या हवेत साधे लोखंडी सांगाडे गंजतात, आणि कौलारू छपरावर तो बसवायचा तर वाशांची ताकद आधी पाहावी लागते. तौक्तेसारख्या वाऱ्यात सैल बसवलेला सांगाडा उडाला तर तो शेजाऱ्याच्या जिवावर बेतेल. हीच सावधगिरी वीज बनवणाऱ्या पॅनेललाही लागू आहे. स्वस्त ठेकेदाराने चार खिळ्यांवर उभे केलेले काम किनाऱ्यावर चालणार नाही. गंजरोधक सांगाडा, काँक्रीटमध्ये रुतवलेले बोल्ट आणि पावसाळ्यापूर्वीची तपासणी यांचा खर्च सुरुवातीलाच धरला पाहिजे.

तर मग करायचे काय? पहिली गोष्ट, न्याहारी-निवासाची नोंदणी करताना व तिचे नूतनीकरण करताना अर्थिंगच्या मोजणीचा दाखला आणि आरसीसीबीची खात्री या दोन अटी घालाव्यात. पाहुण्यांच्या स्वच्छतेची व जेवणाची चौकशी करणाऱ्या यंत्रणेने त्यांच्या जिवाचीही करावी. दुसरी गोष्ट, वाढलेला भार जाहीर करणाऱ्या घरमालकाला दंडाचे भय न दाखवता मुदत देऊन तो नियमित करून घ्यावा, म्हणजे रोहित्रांची क्षमता खऱ्या आकड्यांवर ठरवता येईल. तिसरी गोष्ट, सौर बंबाला निदान किनारपट्टीच्या पर्यटन तालुक्यांत तरी पॅनेलच्या बरोबरीने साहाय्य मिळावे. त्यातून वाचणारी वीज अखेर सकाळच्या गर्दीच्या वेळेतली, म्हणजेच महागडी वीज असते. चौथी गोष्ट मनुष्यबळाची. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथील विद्युत शाखेच्या विद्यार्थ्यांनी दर उन्हाळ्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना, एकेका गावातील घरांच्या अर्थिंगची मोजणी केली, तर त्यांना प्रात्यक्षिक मिळेल आणि जिल्ह्याला आजवर कुणी न केलेली नोंद मिळेल. ग्रामपंचायतींनी याला चहापाण्याचा खर्च देऊन निमंत्रण द्यायला काय हरकत आहे?

नव्याने घर बांधणाऱ्यांनीही चार गोष्टी आराखड्यातच मांडून घ्याव्यात: छतापासून न्हाणीघरापर्यंत गरम पाण्याची स्वतंत्र नळी, गीझरसाठी पॅनेलपासून थेट वेगळी तार, घराच्या ओल्या बाजूला खणलेला व सहज पाणी घालता येईल असा अर्थिंगचा खड्डा, आणि मुख्य पेटीत आरसीसीबी. भिंती पूर्ण झाल्यावर हे करायचे तर तोडफोड आणि खर्च दोन्ही वाढतात. पाया घालताना केले तर दोन्ही टळतात. मुंबईत राहून गावी घर बांधणाऱ्या चाकरमान्यांना हे सांगणे विशेष अगत्याचे आहे, कारण त्यांचे घर वर्षातले बरेच महिने बंद असते. बंद घरात ओल आणि खार आपले काम शांतपणे करत राहतात आणि मग गणपतीला किंवा मे महिन्यात माणसांनी भरलेल्या घरात सगळे बटण एकदम दाबले जातात.

जपानी, कोरियन वा युरोपीय घरांनी आपापल्या हवामानाला उत्तर म्हणून आपापली ऊब शोधली. त्यांची यंत्रे जशीच्या तशी उचलण्याने घर आधुनिक होत नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे ते वीज हाताळण्यातले शिस्तीचे वळण: पुरण्यापूर्वी मोजा, पुरल्यावर मोजा, आणि माणूस ओल्या अंगाने जिथे उभा राहणार तिथे गळती होताच वीज तोडणारी व्यवस्था ठेवा. सिंधुदुर्गच्या न्हाणीत ही शिस्त आली आणि पाणी तापवण्याचे काम शक्य तिथे उन्हाकडे सोपवले गेले, तर बिल कमी होईल, रोहित्रे टिकतील, आणि दर्याची हौस फेडायला आलेला पाहुणा असो की घरातली म्हातारी आई, नळाला हात लावताना कुणालाही जिवाची धास्ती वाटणार नाही. पुढच्या हंगामाची तयारी म्हणून खोल्यांना रंग काढण्यापूर्वी प्रत्येक घरमालकाने एवढी एक तपासणी उरकून घ्यावी.